सगळ्यांचं एकच पान

बाबांना मी गाडीत बसवलं. आंधळगावहून भंडाऱ्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मोहाडी गेलं, वरठी गेलं. मी धानाचं विचारलं, तळ्यातल्या पाण्याचं विचारलं. नुसतं हूं.

माझा धाकटा भाऊ बोटीवर स्वयंपाकी होता. तिथेच काम करणाऱ्या फिलिपिन्सच्या मुलीशी त्याने लग्न केलं आणि दोघांनी भंडाऱ्यात तिच्याकडच्या जेवणाचं छोटं हॉटेल काढलं. चार टेबलं, गल्ल्यामागे देवाचा फोटो, आणि सकाळी तर्री-पोहे, कारण नुसत्या परदेशी जेवणावर भंडाऱ्यात कोणाचं भागत नाही. बाबांनी लग्नाला नाही म्हटलं नव्हतं. पण सुनेच्या हातचा घोटभर चहाही घेतला नव्हता. ती गावी आली की यांना नेमकं धानाच्या बांधीत काम निघायचं. शेवटी भावाने मला फोनवर स्पष्टच सांगितलं, "ताई, या रविवारी बाबा जेवले तं ठीक. नाई तं आमी परत बोटीवर जाऊन राहिलो. तिले असं किती दिवस उंबऱ्यात उभं ठेवू?"

म्हणून बाबांना आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

भावजय दारातच उभी होती. "या ना जी, बाबा," ती म्हणाली. आमच्याकडचं बोलणं तिने एवढं तरी उचललं होतं. बाबांनी मान हलवली आणि आत जाऊन भिंतीकडच्या खुर्चीत बसले.

मग मी टेबल पाहिलं आणि कपाळाला हात लावला. टेबलभर केळीची पानं अंथरलेली. मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत भाताचा बांध, त्यावर सिरका-लसणात शिजवलेली कोंबडी, तळलेली मासोळी, भाजलेली वांगी. ताट एकही नाही. तिच्याकडे घरी मोठं माणूस आलं की असंच मांडतात, सगळ्यांनी एकाच पानावरून हाताने खायचं. सासरे हाताने जेवतात, पंगतीत पानावर जेवतात, एवढं तिला ठाऊक होतं. तेव्हा बिचारीने सगळ्यात मानाचं तेच केलं. उष्टं म्हणजे काय, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि आमचे बाबा म्हणजे आईने ओठ लावलेल्या गिलासातून कधी पाणी न प्यालेले. भावाला हे सगळं माहीत होतं. त्याचा चेहरा बघून कळलं, त्याच्या आत्ता ध्यानात येत होतं.

"एक ताट आणतोस का?" मी भावाला हळूच म्हटलं.

"ताट कायले?" तो तडकला. "तिनं सकाळपासून मांडलं हे. ताट ठेवलं तं तिले समजनच का बाबाले हे चाललं नाई."

भावजय मासोळीचं भांडं धरून तशीच उभी राहिली. शब्द कळले नसतील, आवाज कळला. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब घास सोडून आमच्याकडे बघायला लागलं. मला त्यांचा राग आला, भावाचा आला, सगळ्यात जास्त बाबांचा आला. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, काय जातं?

"पाणी आण," बाबा म्हणाले.

भावाने पाण्याने भरलेला गडवा आणून दिला.

"आता टेबल सरकव. मले बाहेर निंगू दे."

भावाचा रंगच उडाला. हात धुऊन ते गाडीत जाऊन बसणार, दुसरं काय. त्याने टेबल ओढलं तसा भाताचा बांध मधे खचला. भावजयीने मान खाली घातली.

बाबा बाहेर आले, तळहातावर पाणी घेतलं आणि पानांच्या कडेने धार सोडू लागले. जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवायची आमच्याकडे रीत आहे, पण ती ज्याच्या त्याच्या ताटापुरती. हा माणूस अख्ख्या टेबलाला फेरी मारत होता. माझ्यामागून गेले, मी खुर्ची पुढे घेतली. भावामागून गेले. भावजयीपाशी येऊन थांबले.

"तू काहून उभी?"

"बाबा, मैं बाद में."

"बाद में नाई. पाणी पुरं फिरलं का मंग कोणाले बसता येत नाई."

असा नियम मी जन्मात ऐकला नव्हता. भावाने घाईघाईने खुर्ची पुढे केली आणि ती बसली. बाबांनी तिच्यापुढून धार नेली, गडवा ठेवला आणि आपल्या जागेवर न जाता तिच्याच शेजारी बसले. बराच वेळ फक्त कोंबडी आणि वांगी खात होते. काट्यांमुळे हल्ली ते मासोळीला हात लावत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं असावं. तिने आपल्या जेवत्या हाताने एक तुकडा सोडवला, काटे काढले आणि तो त्यांच्यापुढे सरकवला.

माझा घास तोंडातच राहिला. बाबांनी तो तुकडा उचलला आणि खाल्ला.