भारुडातल्या बाईचे केस

पेडगावच्या शिवारात भागवतकाका काम करत असले, की लांबून पाहणाऱ्याला त्यांच्या डोक्यावरचा पटका जरा मोठा वाटतो. परगावच्या माणसाला वाटतं, ऊन लागू नये म्हणून जास्तीचा वेढा दिला असेल. आत अंबाडा आहे, हे फक्त गावाला माहीत.

भागवतकाका भारुडात बाई होतात. सासूनं गांजलेली, नवऱ्यानं बेजार केलेली, आणि सगळं सोसून शेवटी देवाच्या दारात उभी राहिलेली बाई. तिचं सगळं उसनं असतं. लुगडं बबिताकाकूंचं, बांगड्या जत्रेतल्या, आवाज घशातून ओढून बारीक केलेला. केस मात्र काकांचे स्वतःचे. भारुडाच्या शेवटाला ती बाई अंबाड्याची गाठ एका झटक्यात ओढते आणि केस पाठीवरून कमरेपर्यंत सुटतात. मृदंग थांबतो. पुढं बसलेल्या बायांनी हे कितीदा तरी पाहिलेलं असतं, तरीही त्यांच्या तोंडून "आगं माय!" निघतंच.

तरुणपणी या केसांवरून त्यांनी पुष्कळ ऐकून घेतलं. पाणवठ्यावर कोणी म्हणायचं, "भागवतबाई, येतीस का पाण्याला?"

"येते की. घागर तेवढी तू उचल," काका म्हणायचे, आणि हसणारी माणसं काकांच्या बाजूला यायची.

केसांचा टोप का लावत नाही, असं विचारलं तर त्यांचं उत्तर साधं असे. "टोप लावला की माजं ध्यान टोपाकडंच. मग बाईकडं कोन बगंल?"

काकांना साखरेचा आजार निघाला तो मागल्याच्या मागल्या दिवाळीनंतर. सारखी तहान, तळपायाला मुंग्या. परभणीला रक्त तपासलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, गोड बंद करा आणि खाण्यावर ताबा ठेवा, असं सांगितलं. काका गळ्यात तुळशीची माळ असलेले माणूस. खाण्यावरचा ताबा म्हणजे उपास, एवढंच त्यांना ठाऊक. एकादशी होतीच, तिच्या जोडीला सोमवार आला, मग गुरुवार. उरलेल्या दिवशी एकच वेळ जेवण, आणि सकाळी नाक दाबून कारल्याचा रस.

उपासाच्या दिवशी ताटात साबुदाणा, भगर, रताळी.

"आहो, उपासाच्या नावानं तुमी निसता साबुदानाच खायलात," बबिताकाकू म्हणाल्या.

"उपासाचं कुटं लागतंय?" काका म्हणाले. देवाच्या नावानं खाल्लेलं अन्न रक्तात जात नाही, अशी त्यांची खात्रीच होती.

काकांचे केस विंचरायचं काम काकूंचं. रविवारी दुपारी ओसरीवर काका पुढं बसायचे, काकू मागं. गळालेल्या केसांचा गुंडा करून काकू तो पत्र्याखालच्या लाकडाच्या फटीत खोचून ठेवत. केसांवर भांडी देणारी एक बाई गावात फिरते, तिला तो द्यायचा. वर्षाच्या केसांवर जेमतेम एक वाटी येई. त्या उन्हाळ्यात मात्र गुंडा नारळाएवढा झाला. भांडेवालीनं तो हातात तोलला, दोन वाट्या काढून ठेवल्या आणि घरात डोकावून विचारलं, "अक्का, घरात बाया तरी किती हाव तुमी?"

"मी एकलीच," काकू म्हणाल्या. त्या दोन वाट्या त्यांनी फळीवर पालथ्या घातल्या, त्या कधी वापरल्या नाहीत.

काकांनाही कळत होतं. पटक्याचा वेढा सैल बसायला लागला होता. त्यांनी मनाशी ठरवलं, की हे गोळ्यांचं काम. गोळी गरम पडते, केस खाते. कोणाला न सांगता त्यांनी गोळ्या बंद केल्या. आषाढात देवळात तालीम चालली असताना गिरकी घेता घेता ते मटकन खाली बसले. मृदंग वाजवणाऱ्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर तो धरायचीही ताकद हातात नव्हती. पटका सुटला होता. इतकी वर्षं मुठीत न मावणारा अंबाडा लिंबाएवढा उरला होता आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना टाळू दिसत होती.

भजनी मंडळाचे मुख्य आबासाहेब तालमीला होतेच. चार दिवसांनी ते घरी आले. हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत केसांचा टोप.

"भागवता, बोरीचा सप्ता माघात हाय. तवर बग. जमलं तर जमलं, न्हाईतर हे हाय."

"आन् मला हे न्हाई जमलं तर?"

आबासाहेबांनी पायताणाकडं बघत सांगितलं, "मग दुसरं कोनी उभं ऱ्हाईल. भारूड थांबायचं न्हाई, बाबा."

ते गेल्यावर काका पिशवीकडं पाहत बसून राहिले. काकूंनी मात्र लुगड्याचा पदर खोचला आणि म्हणाल्या, "उठा. सिस्टरकडं चला."

उपकेंद्रातल्या सत्यशीला सिस्टरांनी बोटाला टोचून साखर पाहिली आणि भुवया वर केल्या. "गोळ्या चालू आहेत ना, मामा?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले.

"बंद हायत," काकूंनी सांगून टाकलं. "डब्बा मोजला म्या."

"काल काय काय जेवलात?"

"काल गुरुवार व्हता. जरा भगर, एक रताळं."

"परवा?"

"परवा येकच भाकर. ठेच्यासंगं. आन् कारल्याचा रस घेतला की."

"वरण? उसळ? पालेभाजी? दूध-ताक?"

काकांनी मान हलवली. साखर झाल्यावर माणसानं जेवढं सोडता येईल तेवढं सोडावं, असं ते समजून चालले होते.

सिस्टर पुढं सरकून बसल्या. "मामा, घरात धान्य कमी पडलं की आपण आधी कोणाचं ताट कमी करतो? बोलावलं नसताना आलेल्याचं. घरच्याचं नाही. अंगाचंही तसंच आहे. काळजाला लागतं, मेंदूला लागतं, तेवढं ते राखून ठेवतं आणि केसांना सांगतं, आज जेवायला नाही, घरी जा. त्यात वाढलेली साखर. तुमचे केस गोळ्यांनी नाही खाल्ले. ते उपाशी गेले."

"आन् एकादशी?"

"डॉक्टरांना विचारून धरा, साबुदाण्यावर नाही. बाकीचे उपास सोडा. अंडं चालेल का?"

काकांचा हात माळेकडं गेला. सिस्टर हसल्या. "राहू द्या. आपल्या रानात कमी आहे का काही? मूग आहे, तूर आहे, हरभरा आहे." मग त्या काकूंकडं वळल्या. "पण परभणीला डॉक्टरांना आधी दाखवा, रक्तही बघून घ्या. आणि केस येतीलच, असं मी सांगत नाही. आले तरी दमानं येतील."

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. रक्त कमी भरलं, त्याचीही वेगळी गोळी दिली. उरलेलं सगळं बबिताकाकूंच्या चुलीवर आलं.

त्यांच्याविषयी लिहिताना मला मोठे शब्द वापरावेसे वाटतात, पण त्यांना ते आवडायचे नाहीत. त्यांनी नवऱ्यासाठी वेगळा स्वयंपाक मांडला नाही. घरात सगळ्यांचं ताट बदललं. श्रावणात शेवग्याचा पाला आणि बांधावरचा तरोटा. मुगाला, मटकीला मोड आणायचं फडकं खुंटीवरून उतरलंच नाही. ज्वारीची एक भाकर, तिच्याशेजारी वाटीभर घट्ट वरण आणि भाकरीपेक्षा मोठा भाजीचा ढीग. जवसाची चटणी, कारळाची चटणी. कोणीतरी सांगितलं, केसांना अळिवाचे लाडू द्या. लाडवात गूळ आला म्हटल्यावर काकूंना विचार पडला, कारण गुळाला साखर म्हणायची आपल्याकडं सवय नाही. मग त्यांनी लाडू सोडून दिले आणि चमचाभर अळीव दुधात भिजवून द्यायला सुरुवात केली. थंडी पडली तशी करडईची कोवळी भाजी आली, मागोमाग हरभऱ्याची.

"रोज पालाच खायलाव आमी," काका कुरकुरायचे. "मला वावरात बांदून टाक."

"बांदते की. शेळीला तेवढीच सोबत."

घरातलं निभलं. कठीण होती ती पंगत. सप्त्यातल्या पंगतीत पत्रावळीवर आधी बुंदी पडते. वाढणारे तरणे गडी असतात, आणि नको म्हणणाऱ्याच्या पानात दुप्पट टाकायची, हा आपल्याकडचा मान. प्रसादाला नाही म्हणणं तर माळकऱ्याला शोभत नाही. काकांनी त्यावर आपली रीत काढली. बुंदीची एक कळी कपाळाला लावून जिभेवर ठेवायची आणि दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरायचे. मग भाजी मागायची, मग वरण, आणि भाकर सगळ्यात शेवटी.

"काका, उलटं जेवायलात की!" वाढणारा ओरडायचा.

"लेका, भारुडात मी बाई हाय. बाया शेवटीच जेवत्यात." पंगत हसायची आणि बुंदीची बादली पुढं जायची.

दिवाळी गेली. साखर हळूहळू खाली आली. तळपायाच्या मुंग्या कमी झाल्या, पिकाला पाणी देताना पूर्वीसारखं चालता यायला लागलं. केसांचं मात्र काही सांगता येत नव्हतं. गळणं थांबल्यासारखं वाटे, पण अंबाडा लिंबाएवढाच. टोपाची पिशवी खुंटीवर होती. काका तिच्याकडं पाहत नसत, आणि ते पाहत नाहीत हे काकू पाहत.

माघात बोरीला सप्ता बसला. भारूड दुपारचं. मंडपामागं काकूंनी काकांचे केस विंचरले. आबासाहेबांनी पिशवी शेजारी आणून ठेवली आणि ते बाजूला झाले.

"कसं दिसायलंय?" काकांनी विचारलं.

"हाय तेवढं हाय," काकू म्हणाल्या. त्या खोटं बोलत नाहीत. काकांनी पिशवीला हात लावला, जराशी दाबून पाहिली, आणि लुगड्याचा पदर सारखा करून मंडपात गेले.

भारूड नेहमीसारखं रंगलं. सासू झाली, नवरा झाला, लोक हसून हसून बेजार झाले. शेवटाला बाई देवासमोर उभी राहिली आणि तिनं गाठ ओढली. केस सुटले. कमरेपर्यंत आले, पण इतके विरळ, की त्यांतून चोळीची शिवण दिसत होती. मृदंग थांबला. "आगं माय" कोणीच म्हणालं नाही. बायांमध्ये बसलेल्या काकूंनी मान खाली घातली.

पुढच्या रांगेतून एक म्हातारी कळवळून म्हणाली, "बाई, लय वाळलीस गं."

भारुडातल्या बाईनं तिच्याकडं पाहिलं. आवाज बारीकच होता. "वाळू न्हाई तं काय करू, मावशे! घरधन्याला शुगर झाली, आन् मेल्यानं मलाच उपाशी ठिवलं. सोमवार मला, गुरुवार मला. वरून कारल्याचा रस!"

मंडप फुटल्यासारखा हसला. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "आन् आता?"

"आता जेवायलेय. करडई खायलेय, वरान खायलेय. हे बग."

काका तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, वाकले आणि दोन्ही हातांनी भांग फाकवला. कपाळाच्या कडेनं, घामानं ओले होऊनही उभे राहिलेले, बोटभर लांबीचे काळे केस होते. दाट, नव्यानं उगवलेल्या हरळीसारखे. म्हातारीनं त्यांवरून हात फिरवला.

"आगं माय!" ती म्हणाली. मागच्या बायांनी ते पाहिलं नव्हतं, तरी त्याही म्हणाल्या. मृदंग सुरू झाला.

टोपाची पिशवी परत येताना कोणाच्या लक्षात राहिली नाही. ती नंतर सापडली तेव्हा मृदंगवाल्यानं मृदंग घरंगळू नये म्हणून खाली टेकण म्हणून लावलेली होती. आबासाहेब म्हणाले, राहू द्या तिथंच, बरी बसलीय.

परवा भांडेवाली पेडगावात आली होती. काकूंनी फटीतला गुंडा काढून दिला. तिनं तो तळहातावर धरला, उलटसुलट केला.

"अक्का, येवढ्यात वाटी न्हाई यायची."

"नको येऊ दे," काकू म्हणाल्या, आणि तिला बसवून ताक दिलं.