सारवलेलं पडीक घर

भोरच्या कचेरीबाहेर बसून मी लोकांचे अर्ज लिहून देतो. या धंद्यात माणूस संशयी होतोच. आधी अंगठा उठवून मग माझ्यासमोर डोळे पुसणारे इतके पाहिलेत, की कुणी चहा पाजला तरी 'याला काय हवंय?' हेच आधी मनात येतं.

त्यामुळे गुंजवण्याहून काकीचा फोन आला, की माळावर माणसं टेप घेऊन फिरतायत, तेव्हा हातातला अर्ज तसाच टाकून मी निघालो. कापूरहोळला गाडी बदलून दुपारी पोचलो. काकी माझी चुलती. काका गेले, मूलबाळ नाही. बारा शेळ्या, पत्र्याची एक शेड आणि तो माळ, एवढाच तिचा संसार. शेडमध्ये अर्ध्या भागात ती, अर्ध्यात शेळ्या. धरणाआधी तिचं चांगलं घर होतं. तेव्हाही माणसं अशीच टेप घेऊन आली होती, नुसती मोजणी आहे म्हणाली होती. ते घर पाण्याखाली गेलं.

माळावर खुंट्या ठोकलेल्या आणि फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या दिसल्या. माझं डोकंच फिरलं. हातात नकाशा धरून उभ्या असलेल्या बाईने शांतपणे सांगितलं, की ते सिनेमावाले आहेत, घराचा सेट उभा करायचाय, दोन महिन्यांचं भाडं देतील. घर कसं दिसावं हे ठरवणं तिचं काम. सगळे तिला आर्टवाली म्हणत. मी विचारलं, गावात घरं काय कमी आहेत? ती म्हणाली, खऱ्या घरात कॅमेरा मागे घ्यायला जागा नसते, म्हणून इथे चौथी भिंत बांधायचीच नाही. तीन भिंतींचं घर! जागा बळकावायचा हा नवाच प्रकार दिसतोय, असं मला वाटलं.

मी करार लिहिला आणि त्यातलं शेवटचं कलम दोनदा अधोरेखित केलं: काम संपताच घर पाडून जागा होती तशी करून द्यायची. काकीने अंगठा दिला. खाली मी माझा मोबाईल नंबर टाकला.

दर रविवारी जाऊन मी फोटो काढायचो, पुरावा म्हणून. जोत्याला खरा दगड लावला होता. वर लोखंडी अँगल, त्यावर प्लाय, प्लायवर मातीचा गिलावा. छपराला जुनी कौलं, तीही खरी. दोन महिन्यांसाठी कुणी एवढं पक्कं बांधतं का? माझा संशय कौलागणिक वाढत गेला. आणि घर उभं राहिल्यावर त्यांनी ते जुनं करायला घेतलं. भिंतींवर चहाचं पाणी मारून डाग पाडले. भुसा हिरवा रंगवून चिकटवला, त्याचं शेवाळ झालं. एका फिरत्या यंत्रातून चिकट धागे उडवले, त्यांची कोळ्याची जाळी झाली. त्यांना वर्षानुवर्षं कुणी न राहिलेलं, पडीक घर हवं होतं.

शूटिंगच्या आदल्या दिवशी सकाळीच आर्टवालीचा फोन आला. सेटची कुणीतरी वाट लावलीय, तुम्हाला काही माहीत आहे का, असं तिने विचारलं. आवाजावरून कळलं, संशय माझ्यावर होता. मला भयंकर राग आला. तडक गेलो.

घर लखलखत होतं. जाळी गायब, शेवाळ खरवडलेलं, भुई शेणाने सारवलेली, उंबऱ्यापुढे रांगोळी. काकी हात धूत होती.

"उद्या येवढी मानसं येनार," ती म्हणाली, "आन माज्या माळावरलं घर आसं? लोकं मला काय म्हनतील?"

आर्टवाली बघत राहिली, मग उंबऱ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. पंधरा दिवसांची जळमटं तिच्या माणसांनी एका दिवसात पुन्हा चढवली. ती चिडली कशी नाही, याचाही मला संशय आला. कॅमेऱ्यात न दिसणारी मागची खोली मात्र तिने काकीला देऊन टाकली, सारवा म्हणाली हवं तितकं.

काकी ती खोली रोज सारवायची. एका रविवारी मला हळूच म्हणाली, "ह्ये ऱ्हायलं तर शेळ्या शेडात, आन मी हितं. त्या बाई बगते म्हनल्यात." मी फटकारलं. फुकटचं घर कुणी देत नसतं, एकदा बुडालीस तेवढं पुरे, असं काहीतरी बोललो.

शूटिंग संपल्यावर मी कचेरीबाहेर गर्दीत असताना फोन वाजला. आर्टवाली म्हणाली, "दादा, तोडण्यापेक्षा घर मावशींना ठेवू का? चौथी भिंत आम्ही बसवून देतो."

आता खरा डाव बाहेर आला, असं मला वाटलं. आज घर ठेवतील, उद्या घर आमचं म्हणतील, परवा जागा. ताक फुंकून पिण्याची सवय ती.

"कागदात काय लिहिलंय?" मी विचारलं.

"पाडायचं लिहिलंय."

"मग पाडा."

तिने बरं म्हटलं. काकीला विचारावं, हे माझ्या मनातही आलं नाही. आर्टवाली त्याच दिवशी दुसऱ्या कामावर गेली, मागे सुतार राहिले.

रविवारी गेलो तेव्हा माळ होता तसा झाला होता. खुंट्यांची भोकंसुद्धा बुजवलेली. कलमाप्रमाणे काम झालं होतं आणि डाव कसलाच नव्हता, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. काकीने शेडमध्ये चुलीवर चहा ठेवला. शेळ्या पायात घोटाळत होत्या. सुतारांना तिने विचारलं होतं, घर का पाडता. वरनं सांगितलंय, एवढंच ते म्हणाले होते.

कप माझ्या हातात देत ती म्हणाली, "तू म्हनत व्हतास त्येच खरं. ग्वाड बोलत्यात, पन शेरातल्या मानसावर इस्वास ठिवू न्हाई."

मी "हो" म्हणालो.