काचेमागच्या थप्प्या

माझ्या दादाबद्दल शहरात दोन मतं आहेत. अर्धे लोक म्हणतात देवमाणूस, अर्धे म्हणतात खुनी. मी त्याची सख्खी धाकटी बहीण. दोन्ही मतं ऐकली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. देवमाणूस असता तर माझ्या घरावर ही वेळ आली नसती, आणि खुनी असता तर त्याच्याशी कडाकडा भांडून मी मोकळी तरी झाले असते.

आमचे बाबा गोदामावर पहारेकरी होते. दादा बँकेत कारकून म्हणून लागला तेव्हा घरात इस्त्री नव्हती, म्हणून मी पेल्यात निखारे घालून त्याचा शर्ट इस्त्री करून द्यायचे. एकदा कॉलर जाळली तर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. स्वभावच तसा. बोलणं कमी, काम चोख, आणि चेहऱ्यावर कधी काही दिसू द्यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याचं आवडतं वाक्य. कारकुनाचा अधिकारी झाला, अधिकाऱ्याचा मॅनेजर, आणि मॅनेजर असतानाच ती अफवा उठली.

बँक बुडणार, अशी अफवा. कुणी उठवली देव जाणे. सकाळी नऊलाच बँकेच्या दारात ही गर्दी, ज्याला त्याला आपले पैसे आत्ताच्या आत्ता काढून हवे होते. नदीपलीकडच्या शाखेतला मॅनेजर घाबरला आणि त्याने शटर ओढलं. लोक शटरवर तुटून पडले, चेंगराचेंगरीत एक म्हातारी गेली. ही बातमी फोनवरून दादाला कळली तेव्हा त्याच्या शाखेचं दार सताड उघडं होतं. त्याने ते तसंच ठेवलं. पंखे लावले, सगळ्यांना चहा सांगितला, आणि तिजोरीतल्या नोटा काढून रोखपालाच्या काचेमागे थप्प्या रचायला लावल्या, अगदी छातीइतक्या उंच. मला घरून बोलावलं. भडक रंगाचे कपडे घालून ये म्हणाला, लांबून दिसली पाहिजेस. मग मी त्या गर्दीतून पुढे जाऊन, सगळ्यांच्या देखत, पैसे भरायच्या खिडकीशी उभी राहिले. लोकांनी मला पाहिलं, थप्प्या पाहिल्या, चहा प्यायले. दुपारपर्यंत निम्मी रांग आपापल्या घरी गेली होती.

त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि पहिल्यांदाच पोट धरून हसला. थप्प्यांमध्ये खऱ्या नोटा फक्त वरखाली होत्या. मध्ये जुनी कागदपत्रं कापून भरली होती.

आमचे हे घड्याळजी. बाजारात चौकाच्या कोपऱ्यावर दुरुस्तीचं दुकान, दिवसभर डोळ्याला भिंग. त्यांना काही हसू आलं नाही. ते म्हणाले, "आमच्या धंद्यात असं चालत नाही. काटा हाताने फिरवला म्हणून वेळ बदलत नाही."

दादा म्हणाला, "पैशाचं तसं नसतं, भाऊजी. बँकेत पैसे आहेत असं लोकांना वाटलं की ते असतातच. घबराट माणसाला मारते, संकट नाही मारत." त्याचं खोटं नव्हतं. बँक खरंच वाचली. ज्यांनी विश्वास ठेवला त्यांची पै न पै राहिली. आम्ही सगळेच त्याला मानत होतो, हेसुद्धा. फक्त थप्प्यांचा विषय निघाला की हे मान खाली घालून घड्याळात बघायला लागायचे.

पुढे तो मुख्य कचेरीत गेला, साहेबांचा साहेब झाला. गाडी आली, ड्रायव्हर आला, वहिनीच्या बोलण्यात थोडी ऐट आली. मग एका मोठ्या बँकेने त्यांची बँक गिळली. दादाची केबिन त्याच्या मुलाच्या वयाच्या एका पोराला मिळाली आणि दादाला हातात फुलांचा गुच्छ. त्याने चेहरा तसाच ठेवला, पण मी ओळखलं. मानी माणूस, घरी बसला असता तर आतल्या आत कुढून मेला असता. तेव्हा शहरातलं जुनं दैनिक विकायला निघालं होतं. दादाने ते घेतलं. लोक म्हणाले, म्हातारपणी चळ लागला.

पण त्याने ते उभं केलं हो. खोटं कशाला बोलू? पगार ठरल्या तारखेला, टेबलं स्वच्छ, छापखान्यात सिगारेट बंद. दोन वर्षांत शेजारी रेडिओ केंद्रही काढलं. धान्याच्या गोदामातली चोरी त्याच्याच पेपरने बाहेर काढली, मोठमोठ्यांचे फोन आले तरी हटला नाही. संपादकबाई म्हणून एक होत्या, तोंडाने फटकळ, माझ्यासारख्याच. त्यासुद्धा म्हणायच्या की असा मालक मिळायला नशीब लागतं. फक्त एक नियम तेवढा त्याने बँकेतून उचलून आणला होता. बँकेत कसं, मोठी रक्कम बाहेर जायची तर दोन सह्या लागतात. इथे, जी बातमी वाचून लोक धावत सुटतील तिच्यावर दोन सह्या. एक संपादकबाईंची, एक त्याची. दुसरी सही नाही तर बातमी नाही. रेडिओलाही तेच.

मग ते पाण्याचं आलं.

नदीकाठच्या रस्त्यावर नवीन नळ टाकायला खणत होते. कुठेतरी गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात शिरलं. खालच्या वस्तीत नळाला पिवळट पाणी यायला लागलं आणि पोरं जुलाबांनी आजारी पडायला लागली. आमच्या घरी पाणी दिसायला स्वच्छ होतं, पण ह्यांनी वास घेतला आणि म्हणाले, काहीतरी बिघडलंय. घड्याळातला न दिसणारा कचरा ज्याला कळतो त्याला हे कळणारच. मोठं पातेलं काढून स्वतःच पाणी उकळायला बसले. मी गॅस संपेल म्हणून कटकट केली. ते म्हणाले, गॅस दुसरा मिळतो.

तिकडे संपादकबाईंनी बातमी तयार केली. पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, पाणी उकळून प्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना स्वतः फोन केला होता. बातमी दुसऱ्या सहीसाठी दादासमोर गेली. दादाने पाणी खात्याच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, तपासणीचा अहवाल येऊ द्या, उगाच बोभाटा करू नका. दादाने सही केली नाही. संपादकबाई त्याच्या केबिनमध्ये तासभर भांडल्या. त्यांनीच मला नंतर हे सगळं सांगितलं. दादा म्हणे एकसारखा त्या नदीपलीकडच्या म्हातारीबद्दल बोलत होता. पाण्याच्या बाटल्यांसाठी लोक दुकानं फोडतील, टँकरखाली माणसं चिरडतील, तुम्ही तसली गर्दी पाहिलेली नाही, मी पाहिली आहे. ह्यात त्याचा काडीचा फायदा नव्हता. त्याला खरंच माणसं वाचवायची होती. मला राग येतो तो ह्याचाच.

आणि त्याने त्याला येत होतं तेच केलं. काचेमागे थप्प्या रचल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर दादाचा फोटो. कचेरीतल्या बेसिनच्या नळाशी उभा, हातात काचेचा ग्लास, ग्लास तोंडाला लावलेला. खाली ओळ: मी हेच पाणी पितो, तुम्हीही निर्धास्त प्या. रेडिओवरही दर तासाला त्याचा आवाज, शांत, बँकेतला.

ह्यांनी फोटो भिंग लावून पाहिला. खरंच भिंग लावून. म्हणाले, "घशाची घाटी वर गेलीय. प्यायलाय तुझा दादा. बाकी काही असो, विष पिऊन दाखवणारा नाही तो." मी म्हटलं, मग ते पातेलं आता फळीवर ठेवा, माझा ओटा मोकळा होऊ दे. त्यांनी पातेलं घासलं, पुसलं आणि फळीवर पालथं ठेवलं. आणि नळाखाली ग्लास धरला.

चार-पाच दिवस काही नाही. मग ह्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. सकाळी सुरू झालं ते दुपारी त्यांना उभंही राहता येईना, डोळे आत गेले, बोटांची कातडी सुरकुतली. आधी मी दादाला फोन केला. दुसरं कुणाला करणार? फोन वहिनीने उचलला. म्हणाली, हे दौऱ्यावर गेलेत, फोन लागायचा नाही. आवाज असा कोरडा, की मी मनात म्हटलं, ऐट अजून गेली नाही बाईची. शेजाऱ्याच्या गाडीत घालून मी ह्यांना सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे खाटा संपल्या होत्या. माणसं जिन्याखाली, व्हरांड्यात, चादरींवर. खिडक्यांच्या गजांना सलाईनच्या बाटल्या बांधलेल्या. नर्स धावत होत्या, आणि जी ती बाई एकच सांगत होती, पेपरात तर ठीक आहे म्हणून आलं होतं. ह्यांना व्हरांड्यात जागा मिळाली. मी शेजारी बसून त्यांचा हात धरला. ते मधेच शुद्धीवर आले आणि म्हणाले, दुकानात एका गिऱ्हाईकाचं घड्याळ उघडं पडलंय, झाकण लाव, धूळ जाईल. मी लावते म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

त्याच सकाळी पेपरात बातमी आली होती. संपादकबाईंनी एका सहीवर छापली, रेडिओवर स्वतः जाऊन वाचली आणि राजीनामा टेबलावर ठेवून घरी गेल्या.

दादाचा ड्रायव्हर आला, वहिनीने पाठवलेली चादर आणि फुलं घेऊन. वर्षानुवर्षं गाडी चालवणारा माणूस, कधी जास्त बोलला नव्हता. ह्यांना बघून ढसाढसा रडायला लागला. म्हणाला, साहेब यायलाच हवे होते हो, पण अजून उठवत नाही त्यांना. मी म्हटलं, उठवत नाही म्हणजे? दौऱ्यावर आहे ना? तेव्हा त्याच्या तोंडून निघालं. दौरा नाही नि काही नाही. दादा खाजगी दवाखान्यात होता, वरच्या मजल्यावर, भलत्याच नावाने. फोटो छापला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. हाच आजार, हीच सलाईन. कुणाला कळू देऊ नका, लोक घाबरतील, असं त्यानेच सांगितलं होतं.

म्हणजे ह्यांनी नळाखाली ग्लास धरला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी दादाला कळलं होतं. आमच्या घरात अख्खे चार दिवस शिल्लक होते. पेपरात एक ओळ पुरली असती. पेपरही नको, बहिणीला एक फोन. चिमे, पाणी उकळ, एवढंच.

किती गेले, त्याचे आकडे सरकारने दिले, लोकांनी वेगळे दिले. इंजिनिअरची बदली झाली. पेपरच्या कचेरीच्या काचा फुटल्या. दादाने पेपर आणि रेडिओ मिळेल त्या किमतीला विकून टाकले. अर्ध्या शहराला अजूनही ती वाचलेली बँक आठवते, म्हणून ते देवमाणूस म्हणतात. खालच्या वस्तीत म्हणून बघा.

महिनाभराने तो माझ्याकडे आला. एकटाच, चालत. अंगावरचा शर्ट दुसऱ्याचा वाटावा इतका वाळला होता. ह्यांच्या खुर्चीकडे बघून पलीकडच्या स्टुलावर बसला. मग म्हणाला, "चिमे, मला वाटलं लोक घाबरतील."

मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं. शिव्यासुद्धा ठरवल्या होत्या. एवढंच बोलले, "घाबरायलाच हवं होतं रे दादा. जे घाबरले तेच जगले."

त्याने मान हलवली. थप्प्यांचं काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. ह्यांचं वाक्य त्यालाही आठवलं असणार, काट्याचं. कपाळावर घाम आला होता त्याच्या, ओठ कोरडे पडले होते. कितीही झालं तरी रक्ताचं नातं, माझ्याने बघवेना. मी आत गेले. ओट्यावर तेच मोठं पातेलं होतं, आता ते फळीवर जात नाही. त्यातलं पाणी ग्लासात घेतलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने हात पुढे केला नाही.

मी म्हटलं, उकळलेलं आहे. त्याने ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर काही दिसू न देणारा माझा दादा, आणि सगळं दिसत होतं. मग मी तो ग्लास उचलला, त्याच्या डोळ्यांदेखत अर्धा प्यायले आणि परत त्याच्यासमोर ठेवला.

तो उरलेल्या अर्ध्या ग्लासाकडे बघत बसला. मग येतो म्हणाला आणि तहानलेलाच निघून गेला.