शेपूट ठेवलंत का?

ताईंचा फोन आला की त्या हॅलो म्हणत नसत. "शेपूट ठेवलंत का, सर?" एवढंच विचारत.

एकदा मी आंघोळीला गेलो असताना बायकोने फोन उचलला आणि पलीकडून हाच प्रश्न आला. तिने बाथरूमचं दार वाजवून मला विचारलं, "तू कोणाचं काय कापून आलायस?"

तुम्ही या धंद्यात नसाल तर थोडं सांगायला हवं. मी एडिटर आहे. माहितीपट, लघुपट, संस्थांच्या फिल्म, नाशिकमध्ये बसून जे मिळतं ते करतो. चित्राची कापाकापी संपली की आवाजाचे सगळे तुकडे, आहेत त्या जागी आणि त्याच क्रमाने, आवाजाच्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये पाठवावे लागतात. तिथे दुसरं कोणीतरी त्यांचं मिक्सिंग करतं. पाठवताना प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना सिनेमात न घेतलेला थोडा आवाज जास्तीचा ठेवायचा असतो. शिंपी शिवणीत माया सोडतो ना, तसा. तो ऐकू येत नाही, दुमडलेला असतो. मिक्सिंग करणाऱ्याला लागला तर ओढून बाहेर काढता येतो. सगळे त्याला हँडल म्हणतात. माझ्या कामाचं मिक्सिंग करणाऱ्या ताई शेपूट म्हणायच्या.

त्यांना पाठवायच्या शेवटच्या सिनेमाचा आवाज कित्येक आठवडे माझ्या कॉम्प्युटरवर पडून होता. दिवाळीनंतर ताई गेल्या. निर्माता रोज फोन करत होता, आणि तो आवाज दुसऱ्या कोणाला पाठवायला माझा हात होत नव्हता.

आमची ओळखच शेपटावरून झाली. देवळ्याच्या कांदा लिलावावरची एक फिल्म मी अगदी काटेकोर कापून पाठवली होती, कुठेही काही जास्तीचं न ठेवता. मला त्याचा अभिमान होता. ताईंनी ती परत पाठवली आणि फोन केला. "सर, माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो. तुम्ही सगळ्यांचे श्वास घरीच ठेवलेत. पाठवून द्या." मी जरा रागावलोच होतो. पण सगळं पुन्हा केलं आणि हार्ड डिस्क घेऊन गंगापूर रोडहून जेलरोडला गेलो.

त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. भिंतींना चारी बाजूंनी गोधड्या लावलेल्या. स्टुडिओत लावतात ते महागडे फोम त्यांना आवडत नसत. आईने शिवलेल्या गोधड्या आवाज चांगला पितात म्हणायच्या. थंडीत एखादी भिंत उघडी दिसली तर समजायचं, घरी पाहुणे आलेत. मग त्या दिवशी मिक्सिंग बंद आणि चहा चालू.

ताई शूटिंगला आवाज रेकॉर्डही करायच्या. तिथला त्यांचा एक नेम होता. सीन संपला की त्या जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि संवादांच्या मधल्या फटी भरायला तीच लागते. सगळे करतात हे, पण ताईंसारखं करून घेणारं मी पाहिलं नाही. कॅमेरामनपासून चहावाल्यापर्यंत सगळे जागच्या जागी पुतळे. एकदा मधेच त्यांनी हेडफोन काढले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, आधी दोन घास खाऊन या. तुमचं पोट सिनेमात येतंय." मी वडापाव खाऊन आलो, तोवर सगळं युनिट थांबलं.

आणि शांतता पुरेशी झाली की त्या हलक्या आवाजात म्हणायच्या, "झालं. हला आता." मग खुर्च्या सरकायच्या, कोणी खोकायचं, कोणी हसायचं.

पुढे नेट वेगवान झालं. डिस्क घेऊन जायची गरज राहिली नाही. मी घरून लिंक पाठवायचो, मिक्स झालेला आवाज तसाच परत यायचा. पेट्रोल वाचलं, वेळ वाचला. त्या वेळेचं मी काय केलं ते मला आठवत नाही. गेल्या पावसाळ्यात एकदा ताई म्हणाल्या, "लिंक नको. डिस्कच घेऊन या ना, चहा घेऊन जा." मी म्हटलं, येतो, आणि संध्याकाळी लिंक पाठवली. त्यांनी काम करून दिलं. त्यांचं पोटाचं दुखणं तेव्हा बरंच वाढलेलं होतं, हे मला त्यांच्या भावाकडून नंतर कळलं. दिवसभर आवाज ऐकण्यावर माझं पोट चालतं, आणि फोनवर बोलताना मला काही कळलं नाही. याची मला लाज वाटते.

तो शेवटचा सिनेमा एकलहऱ्याच्या वसाहतीतल्या एका क्वार्टरवर होता. वीज केंद्रातून निवृत्त झालेले गृहस्थ घर सोडून जातात आणि शेवटी रिकामी खोली दिसते, एवढीच गोष्ट. त्या शूटिंगला मी गेलो नव्हतो. शेवटच्या दृश्याखाली मी ताईंनी रेकॉर्ड केलेली त्या खोलीची शांतता टाकली होती आणि हवी तेवढी ठेवून बाकीची कापली होती.

एके दुपारी त्या तुकड्याचं टोक धरून मी ते पुढे ओढलं. कशासाठी, सांगता येणार नाही. बराच वेळ केंद्राची लांबून येणारी घरघर, एक कावळा. मग स्टूल करकरलं. म्हणजे त्या बसून होत्या. ताई कधी बसून रेकॉर्ड करत नसत. मग एक श्वास आला, जड, मधेच तुटलेला. "झालं," त्या म्हणाल्या, आणि पुष्कळ वेळाने, "हला आता."

जेलरोडला गेलो असतो तर हा श्वास मला समोर बसून ऐकू आला असता.

त्याच दिवशी मी सगळा आवाज पुण्याच्या एका मिक्सिंग करणाऱ्याला पाठवला. सॉफ्टवेअरने शेपूट किती ठेवायचं विचारलं, तेव्हा त्यांचं बोलणं पूर्ण मावेल एवढं ठेवलं. चार दिवसांनी त्याचा फोन आला. सभ्य माणूस होता. म्हणाला, "सर, शेवटच्या शांततेला फार मोठं हँडल आलंय. मागे कोणा बाईंचा आवाज आहे. उडवून टाकू?"

"सिनेमात येऊ देऊ नका," मी म्हटलं. "पण उडवू नका. राहू दे दुमडलेला."

तो म्हणाला, "बरं. राहू देतो. शांतता मात्र सुंदर घेतलीये, सर. कोणी घेतली?"

"आमच्या ताईंनी," मी म्हटलं. ही दाद त्यांच्यापर्यंत पोचवायला माझ्याकडे आता फोन नंबर होता आणि बाकी काही नव्हतं.

सिनेमा पहिल्यांदा एकलहऱ्याच्या वसाहतीतच दाखवला, तिथल्या हॉलमध्ये. शेवटी रिकामी खोली आली. घरघर आली, कावळा आला. लोक अगदी गप्प बसले होते, ताईंनी बसवल्यासारखे. मग ठरल्या जागी कट आला आणि पडदा काळा झाला. त्यांचं बोलणं तिथून जरासंच पुढे होतं.

दिवे लागले. खुर्च्या सरकल्या, कोणी खोकलं, लोक दाराकडे निघाले. मी तसाच बसून राहिलो. हला म्हणायला कोणी नव्हतं.