पुढच्या गाडीची शेपूट

आमच्याकडं त्याला सगळे सरळतात्या म्हणतात. हमरस्त्याला ट्रक लागला की तात्या राजा. घाट असो, चिखल असो, समोरून डोळ्यांत दिवे मारत येणारा कुणी दीडशहाणा असो, तात्याची मान हलत नाही. पण रस्त्याला चार फाटे फुटले की त्याचं टाळकं फिरतं. मग खिडकीतून डोकं काढून तो दिसेल त्याला विचारतो, "सरळ कुठं जातो हा?" डावा-उजवा तो विचारतच नाही. त्यावरूनच नाव पडलं.

बायको गेली तसं घर बंदच असतं. तात्या राहतो केबिनमध्ये. पाठीमागच्या फळीवर गोधडी, खुंटीला धुतलेला शर्ट, दाराच्या कप्प्यात तंबाखू आणि दात घासायचा ब्रश एकत्र. मालकानं क्लीनर कधीच बंद केला, तेव्हा बोलायला गाडीच. तात्या तिला शिव्या देतो. "गाडी उलटून बोलत नाही, एवढाच तिच्यात आणि आमच्या मंडळीत फरक," म्हणून हसतो.

त्याची एकुलती एक पोर लग्न करून एका मोठ्या शहरात गेली. त्या शहराला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्यानं तात्या किती वेळा गेला असेल त्याचा हिशेब नाही, पण आत कधी शिरला नाही. येतो म्हणायचा आणि बाहेरच्या बाहेर निघून जायचा. कधी माल घाईचा, कधी मालकाचा फोन, आणि खरं सांगायचं तर धसका. एवढ्या मोठ्या गावात हे धूड घेऊन शिरायचं कसं आणि निघायचं कुठून? पोर शिवणकामाच्या कारखान्यात आहे. मागच्या खेपेला तिनं रजा टाकली, रस्सा केला, दिवसभर दारात उभी राहिली, आणि संध्याकाळी तात्याचा फोन गेला तो शंभर कोसांवरून.

या खेपेला माल त्याच शहरातला निघाला. संडासाची भांडी. पेंढ्यात बांधलेली पांढरीशुभ्र भांडी, काचेसारखी जपून न्यायची. उतरवायची जुन्या गोदामात, आणि पोरीचं घर त्या गोदामाच्या मागच्या गल्लीत! तात्यानं आदल्या दिवशी फोन केला.

"येतो गं उद्या."

"आबा, येणार असाल तरच म्हणा."

"अगं गोदामच तुझ्या दारात आहे. आता काय आभाळातून उडून जाऊ?"

"तुमचा नेम नाही. सकाळीच या. मला दुपारची पाळी आहे, रजा मिळत नाही. आणि हे बघा, या वेळी नाही आलात तर मी परत बोलावणार नाही. मला शेजारणीपुढं खोटं पडायचा कंटाळा आलाय."

बेत सोपा होता. त्या शहरात सकाळी ऑफिसची गर्दी सुरू झाली की मोठ्या गाड्यांना बंदी लागते, ती उठते दुपारी. बंदी लागायच्या आत गोदामात पोचलं की झालं. गाडी दुपारपर्यंत तिथंच अडकणार, हमाल माल उतरवणार, आणि तात्या चालत पोरीकडं जाऊन जेवणार. उशीर झाला तर पोलीस शहराबाहेर हाकलणार, आणि दुपारी आत येईस्तोवर पोर कामावर.

उजाडायला तात्या नाक्यावर होता. दाढी केलेली, शर्ट बदललेला. फोनमधल्या बाईला रस्ता विचारायचा नाही हे त्यानं पूर्वीच ठरवलं होतं. ती बाई मोटारवाल्यांची. तिच्या नादी लागून एकदा त्याची गाडी रेल्वेच्या बुटक्या पुलाखाली बुचासारखी बसली होती, आणि चाकांतली हवा सोडून बाहेर काढावी लागली होती. बाई आपली म्हणत होती, सरळ जा.

तात्याचा रिवाज वेगळा, आणि जुन्या ड्रायव्हरांचा तोच. अनोळखी शहरात आपल्याच मालाची गाडी हुडकायची आणि तिच्या शेपटीला लागायचं. कांद्याच्या गाडीमागं कांद्यानं जावं, सिमेंटमागं सिमेंटनं. पुढचा बरोबर बाजारात नेऊन घालतो. नाक्यावरच त्याला तशी गाडी दिसली. ताडपत्रीच्या फटीतून पेंढा बाहेर आलेला, एका कोपऱ्यातून पांढरं भांडं डोकावतंय. तात्याला देव भेटल्यासारखं झालं. "चल बाई, सोबत मिळाली," असं गाडीला म्हणून तो मागं लागला.

पुढचा सावकाश चालला होता. तात्याला ते पटलं; भांड्यांचा माल, माणूस जाणता दिसतो. दोघं एका उड्डाणपुलावर चढले. पूल इमारतींच्या इतक्या जवळून जात होता की गॅलरीतलं वाळत घातलेलं धुणं हातानं ओढता आलं असतं. एका गॅलरीत कुणी दात घासत होतं, एका घरात बाई पोराच्या पाठीत धपाटा घालत होती. तात्या एवढ्या उंचावरून लोकांच्या घरात कधी डोकावला नव्हता. त्याला लाजल्यासारखं झालं आणि बघितल्यावाचूनही राहवेना. पुढं एका इमारतीवर दातांच्या डॉक्टरची पाटी होती, त्यावर माणसाएवढे दात. खाली उतरले, कापडाची दुकानं लागली, मग दवाखाना, मग शाळा, मग पुन्हा चढण.

पुन्हा धुणं. पुन्हा माणसाएवढे दात.

"या गावात दातांचा धंदा बरा दिसतो," तात्या गाडीला म्हणाला. पण कापडाची तीच दुकानं आली, एव्हाना उघडत होती, तेव्हा त्यानं घड्याळ बघितलं. रस्त्यावर माणूस वाढला होता. स्कूटरी चाकाखाली मरायला आल्यासारख्या घुसत होत्या. पुढची गाडी शाळेच्या भिंतीला लागून उभी राहिली. तात्याही थांबला. पुढून कानटोपी घातलेला एक ढेरपोट्या ड्रायव्हर उतरला आणि हसत हसत मागं आला.

"काय पाव्हणं, गोदाम राहिलं किती लांब?"

तात्यानं खिडकीतून डोकं काढलं. "मला काय विचारतो? मी तुझ्या मागं आलोय."

"अहो, मी तुम्हालाच आरशात बघत चाललोय! म्हटलं वयस्क माणूस आहे, भांड्यांचाच माल आहे, चुकलं तर हॉर्न मारेल. तुम्ही गपचूप मागं, म्हणजे बरोबर चाललंय."

"अरे गाढवा, दोनदा दात बघितले!"

"मलाही वाटलं, हे दात ओळखीचे आहेत."

दोघंही हसले. हसण्यासारखंच होतं. कानटोपीवाल्यानं तंबाखू पुढं केली, तात्यानं घेतली. कितीतरी दिवसांनी माणसाशी एवढं बोलणं झालं होतं. पण तेवढ्यात मोटारसायकलवरून वाहतूक पोलीस आला आणि दांड्यानं ताडपत्रीवर ठोकत म्हणाला, "बंदी लागलीय. गाड्या काढा."

तात्या खाली उतरला. हात जोडले. "साहेब, जुनं गोदाम. इथंच कुठं जवळ आहे. आत तेवढं जाऊ द्या."

"जवळच आहे, पण मधे बाजार आहे. आता माणूस आडवा जाईना, तुमचं हे कुठून जाणार?"

"पोर वाट बघतेय साहेब."

"सगळ्यांचीच कुणीतरी बघतं काका. या पुलावरून सरळ बाहेर. दुपारनंतर या, मी दाखवतो रस्ता." माणूस वाईट नव्हता. सरळ म्हणताना त्यानं हातही दाखवला.

पुलावर चढताना तात्यानं पोरीला फोन लावला आणि समोरच्या कप्प्यात ठेवला.

"कुठं आहात आबा? ताट वाढायला घेऊ?"

"अगं, बाहेर काढतायत मला. पुलावर आहे."

"कुठल्या पुलावर?"

"मला काय नाव ठाऊक? मोठे दात आहेत बघ इमारतीवर."

पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग धावल्याचा. "आबा, ते माझ्या गॅलरीतून दिसतात! मी बाहेर आलेय. तुमचा कुठला? कितीतरी ट्रक आहेत."

"निळा. पेंढा दिसतोय बघ."

"दोन आहेत तसे! हॉर्न वाजवा."

तात्यानं हॉर्न दाबला. मागच्या बसनं दाबला, बसमागच्या टेंपोनं दाबला, सगळा पूल बोंबलायला लागला. तात्या एका हातानं चाक धरून गॅलऱ्या बघत होता. धुणी, कुंड्या, रंगीत बादल्या. एक बाई हात हलवत होती. ती धुणं झटकत होती की काय, ठरेना. त्यानं तिलाच हात केला. तोवर दात मागं गेले.

"दिसले का मी?" त्यानं विचारलं.

"काय की," पोर म्हणाली. मग म्हणाली, "सावकाश चालवा." आणि फोन ठेवला.

दुपारी बंदी उठली. पोलीस शब्दाला जागला, पुढं मोटारसायकल घालून त्यानं दोघांना गोदामाच्या फाटकात आणून सोडलं. हमाल चढले. कानटोपीवाला म्हणाला, "जा तुम्ही, मी बघतो दोन्ही गाड्यांकडं. मला इथं कोण रडतंय?"

गल्ली सापडायला वेळ लागला नाही. तिसऱ्या मजल्यावर दाराला कुलूप. तात्या तिथंच उभा राहिला, तेव्हा शेजारचं दार उघडलं आणि पीठ लागलेल्या हातांची बाई बाहेर आली.

"तुम्ही ट्रकवाले आबा ना? किल्ली ठेवलीय तिनं. नवरा-बायको दोघंही कामावर आहेत. वाट बघून गेली ती." तिनं त्याला खालवर न्याहाळलं. "म्हणजे खरंच आहात तुम्ही!"

आत एकच खोली, एक स्वयंपाकाचा कोपरा. खाटेवर चादर कोरी करकरीत, घड्या न मोडलेली. कोपऱ्यात शिवणयंत्र, त्यावर अर्ध्या शिवलेल्या बाह्यांचा ढीग. पोर घरीही काम आणते हे तात्याला ठाऊक नव्हतं. ओट्यावर ताट झाकलेलं होतं. त्यानं ते जमिनीवर घेतलं आणि मांडी घातली. रस्सा गार होता. तिखट मात्र तिच्या आईसारखं, हात न आखडता घातलेलं. वरच्या घरात कुणीतरी खुर्ची ओढत होतं. पुलावरच्या गाड्यांनी तांब्यातलं पाणी हलत होतं.

जेवून त्यानं ताट घासलं, पालथं घातलं. खाटेवर टेकावं वाटलं, पण चादरीकडं बघून तो टेकला नाही. गॅलरीत गेला. समोर पूल, पुलावर ट्रक. इथून सगळे खरंच सारखे दिसत होते. सावकाश चाललेल्या एका गाडीच्या ड्रायव्हरचं नुसतं कोपर दिसलं, शर्टाची बाही दिसली, आणि गाडी गेली.

किल्ली देताना शेजारणीनं विचारलं, "पाळी सुटेपर्यंत थांबत नाही? काही निरोप?"

संध्याकाळी परत बंदी लागत होती, आणि मालकानं परतीचा माल दुसरीकडून भरायला सांगितला होता. तात्यानं जरा विचार केला.

"सांगा, मीठ बरोबर होतं."

"एवढंच?"

"आणि म्हणावं, आता घर बघितलंय मी."

आता गावात कुणी विचारलं, काय तात्या, गेला होतास का पोरीकडं, तर तो ताठ मानेनं सांगतो, "गेलो होतो की. पोटभर जेवलो." विचारणारा म्हणतो, बरं झालं, आणि पुढं जातो.