तात्यांचं खालचं शेत

“पोरी, शेजारच्या समद्यांना फोन आला, मलाच न्हाय. तुझं मशीन मला इसरलं का काय?”

पळसदेवहून गणपततात्यांचा फोन होता, माझ्या वडिलांच्या दोस्ताचा. मी बारामतीच्या ऑफिसात नुकताच चहा घेतला होता. वरच्या धरणांतून उजनी धरणात पाणी सोडलं होतं आणि तात्यांची मोटर अजून खाली काठावरच. संध्याकाळपर्यंत ती पाण्याखाली जाणार, हे नक्की होतं.

“तात्या, आधी मोटर वर काढा. भांडण नंतर.”

“व्हय, व्हय. ट्रॅक्टर घिऊन निघालोच.”

आमची छोटी कंपनी शेतकऱ्यांशी मराठीत बोलणारा एआय एजंट चालवते. उजनीचं पाणी चढायला लागलं की तो काठच्या लोकांना आपणहून फोन करतो. त्यासाठी कुणाचं शेत कुठं, मोटर कुठं, हे त्याच्या लक्षात असावं लागतं. ही त्याची मेमरी. सगळं बोलणं तो साठवत नाही, कामाचं तेवढं वेचून ठेवतो. जुन्याच्या उलट काही नवं कळलं तर जुनं पुसतो. बरेच महिने लागलं नाही तेही काढून टाकतो. नाहीतर अडगळ इतकी होते की हवं ते वेळेवर सापडत नाही.

तात्यांची मेमरी उघडली. मागच्या पावसाळ्यात ते म्हणाले होते, “खालच्या शेतात आता पाणी हाय.” एजंटनं शेत पुसलं आणि पाणी लिहिलं. पुढे उन्हाळ्यात पाणी ओसरलं, तात्यांनी तिथं कलिंगडं लावली, मोटर खाली उतरवली. शेजाऱ्यांनी एजंटला काहीबाही विचारलं, म्हणून त्यांची शेतं त्याला परत कळली. तात्यांनी चकार शब्द काढला नाही. दरसालचं ते काय सांगायचं!

मी हे आमच्या साहेबांना दाखवलं तसे ते वैतागले. “म्हणजे जुनं पुसायचंच नाही? सर्च स्लो होईल.”

“पुसायचं नाही, बाजूला ठेवायचं. ‘पाणी असेपर्यंत’ अशी खूण लावून. पाणी उतरलं की शेत परत वर.”

“हे कुठून सुचलं?”

“मी पळसदेवची आहे, सर.”

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की धरणात बुडालेल्या आमच्या जुन्या गावाचं देऊळ उघडं पडायचं. वडील मला भेगाळलेल्या गाळातून हाताला धरून न्यायचे. ही चावडी, हा आड, हे आपलं घर. मला दिसायची नुसती दगडांची रांग. माझं सगळं लक्ष शिंपल्यांत. वडील गेले आणि आपली रांग कुठली, हे सांगणारं घरात कुणी उरलं नाही. उन्हाळा आला की त्यांची फार आठवण येते.

मोटर वाचली. एजंटची दुरुस्ती झाल्यावर तात्यांना म्हटलं, बोलून बघा. मी लाइनवर होतेच.

एजंट म्हणाला, “तात्या, खालच्या शेतात सध्या पाणी आहे. ओसरलं की मी विचारीन.”

“आत्ता कसं! मग माझं जुनं घर बी ध्यानात ठिव. देवळामागं, आडाच्या डाव्या अंगाला. आन त्याच्या भिंतीला भिंत लागून सदाशिवचं.”

सदाशिव म्हणजे माझे वडील.

नियमाप्रमाणे ही माहिती काही महिन्यांत गळाली असती. मी तिला ‘कायम’ खूण लावली. साहेबांनी स्क्रीनवर पाहिलं.

“या घरांवर मोटर आहे?”

“नाही.”

“मग उपयोग काय?”

“उन्हाळ्यात लागेल, सर. एक दिवस रजाही लागेल.”

न लागणारं विसरायचं, हा नियम आमच्याकडे अजून आहे आणि चांगला आहे. फक्त काय लागणार, हे पाणी उतरेपर्यंत कळत नाही.