गरमीची इंजेक्शनं आणि रविवारची सभा

सभा म्हटलं की अजून माझं डोकं उठतं. पण सभेआधी दवाखान्याची रडकथा सांगायला हवी. माझा अर्धा जीव तिच्यातच गेला.

नव्वदनंतरची गोष्ट. दिवसा मी ठाण्याला कोर्टाबाहेर टायपिंग करायचो आणि संध्याकाळी विठ्ठलवाडी स्टेशनामागे आमच्यासारख्यांना निरोध वाटायचो. आमच्यासारखे म्हणजे ज्यांचा जीव पुरुषांवरच जडतो असे. पाकीट दिलं की लाजायचे, हसायचे, खिशात टाकायचे. पण बरेचजण आधी पन्नीवर गर्द ओढायचे, आणि नशा चढली की कसला निरोध नि कसलं काय! पाकीट खिशातच राहायचं.

माझा जिवलग दोस्त त्यातलाच. कल्याणच्या खाडीकाठचा कोळ्याचा पोर, आवाज असा की होळीला अख्खा कोळीवाडा त्याला गायला बसवायचा. त्याच्या तळहातांवर चट्टे उठले. गरमी झालेली, म्हणजे सिफिलिस. दर आठवड्याला एक, अशी काही इंजेक्शनं घेतली की बरी होते, पण द्यायला कोण तयार? डॉक्टर म्हणाले, "आधी गर्द सोडून ये. तुम्ही लोक कोर्स अर्धवट टाकता." व्यसनमुक्ती केंद्रातले सर म्हणाले, "आधी हा रोग बरा करून ये. इथे पोरं शेजारीशेजारी झोपतात."

म्हणजे माणसाने काय मधल्या रस्त्यात मरायचं? इकडून तिकडे माझ्या चपला झिजल्या. शेवटी मी दोन्हीकडे भांडून तोडगा काढला. तो केंद्रात राहणार, दर बुधवारी मी त्याला दवाखान्यात नेऊन परत सोडणार. ठाण्याच्या खोपट स्टँडवरून एसटी पकडायची, इंजेक्शन झालं की कमरेवर हात ठेवून तो सगळ्या खड्ड्यांना शिव्या घालायचा. पण चट्टे जायला लागले. गर्दही बंद होता.

केंद्रात दर रविवारी सभा भरायची. घरचे समोर बसायचे, पेशंट उभा राहून आपलं सगळं केलंसवरलं कबूल करायचा, मग टाळ्या. मी त्याला एसटीतच बजावलेलं, "चोरी सांग, गर्द सांग, आपलं नको सांगू. ती जागा नाही रे."

"सर बोलतात, एक गोष्ट जरी लपवली तरी गर्द सुटत नाही."

आणि त्याने सांगितलं. आई समोर बसलेली असताना, पुरुषांसकट सगळं. मागच्या बाकावरून मी दाराकडे बघितलं. आता मारतात की हाकलतात! कसलं काय. सरांनी त्याला मिठी मारली. "शाब्बास. हेही व्यसनच. दोन्ही एकदमच सोडायचं!" धो धो टाळ्या पडल्या. तो लहान मुलासारखा रडला.

सभेनंतर मी सरांना गाठलं. "अहो, हे व्यसन नाही." माणूस वाईट नव्हता, स्वतः दारूतून उठलेला. त्याने प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "तुम्हीपण भरती व्हा ना." असा संताप आला म्हणून सांगू! पण कुणाशी आणि किती भांडायचं.

तो घरी गेला. शेवटची इंजेक्शनं राहिली ती राहिलीच. "आता मी कुणाकडे जातोय? कशाला इंजेक्शन, कशाला निरोध?" मला भेटायचाही बंद झाला. मीही सोडायच्या गोष्टींतच मोडत होतो ना! काही महिने बरे गेले, असं कानावर यायचं.

मग एका संध्याकाळी कोर्टाच्या फाटकाशी उभा. डोळे अर्धे मिटलेले.

"मोडलं रे सगळं. एकजण भेटला. चहा पाजला. मग गेलो त्याच्याबरोबर."

"गर्द त्याने दिला?"

"छे. तो सुपारीसुद्धा खात नाही. पण एक मोडलं ना, मग दुसरं कशाला जपायचं? येताना घेतला."

मी तिथेच पायरीवर बसलो. रडू यायला हवं होतं, तेवढाही जोर नव्हता.

पुन्हा भरती करायचं तर आईची सही हवी. दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात गेलो आणि तिला सगळं सांगितलं: आधी माणूस भेटला, गर्द नंतर. ती बोंबील साफ करत होती. मान वर न करता ऐकून घेतलं.

"बायको नको बोलला, तवाच मना समजलेला," ती म्हणाली. "त्या दिवशी सगल्यांनी टाल्या वाजवल्या, मीपन वाजवल्या. मना वाटला, गर्दच्या हायत."



"मी त्याला गर्द सोडाया धाडलेला. मानूस सोडाया कंच्या मेल्यानं सांगला?" तिने पाटी शेजारणीकडे सरकवली, हात धुतले, पदर खोचला. मी सहीचा कागद काढायला लागलो तर म्हणाली, "ती सही राहू दे. चल, पयलं त्याला सांगू."